मिनी: दहा फुटांच्या गाडीत सगळं बसवलं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मारुती ८०० ही जुन्या ब्रिटिश मिनीची नक्कल आहे असं बरेच जण ठामपणे सांगतात, त्यात तथ्य किती? मिनीत एवढं विशेष होतं तरी काय? आणि मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, सत्तरच्या दशकातली एखादी मिनी घ्यायचं त्याच्या मनात आहे, तर त्याने काय बघून घ्यावी?

जुन्या ब्रिटिश गाड्या उघडणं आणि पुन्हा उभ्या करणं हेच माझं काम. त्यातली बरीच वर्षं बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या गॅरेजांत गेली, आता पुण्यात आहे. मिन्या हाताखालून पुष्कळ गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी नक्कलेचं सांगतो, कारण ते एका ओळीत सांगता येतं. मारुतीचं इंजिन आडवं आहे ते मिनीने पाडलेल्या पायंड्यामुळे; पण त्या इंजिनाशेजारी गिअरबॉक्स ज्या पद्धतीने बसवलाय, ती पद्धत मिनीची नाही, ती इटलीची आहे. असं का झालं हे समजून घ्यायचं तर मिनीच्या पोटात शिरावं लागतं.

जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. पुढच्या काही महिन्यांत लढाई झाली, कालवा बंद पडला आणि ब्रिटनला येणारं तेल अडलं. डिसेंबरात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. लोक एकदम छोट्या गाड्यांकडे वळले आणि जर्मनीहून आलेल्या इसेटा, हाइन्केल, मेसरश्मिट या बबल गाड्या लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागल्या. मोटारसायकलच्या ताकदीचं इंजिन आणि दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन १९५२ मध्ये बनलेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, म्हणजे बीएमसीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना या गाड्या डोळ्यांसमोर नको होत्या. त्या रस्त्यावरून हाकलायच्या असतील तर खरीखुरी, चार माणसांची, चार सिलिंडरची छोटी मोटार करून दाखवायला हवी, असं त्यांनी ठरवलं आणि काम दिलं अ‍ॅलेक इसिगोनिस यांना. अट एकच: इंजिन कंपनीत आधीपासून तयार होत असलेलंच वापरायचं.

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ चा, स्मर्ना शहरातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझ्मीर. वडील ग्रीक वंशाचे ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. पहिल्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत घरदार सोडून मायलेक इंग्लंडला पोचले. तिथे बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये शिकताना गणितात ते वारंवार नापास झाले. गणिताशी त्यांचं पुढेही कधी जमलं नाही. हातात पेन्सिल घ्यायची आणि मुक्तहस्ते चित्र काढायचं, ही त्यांची रीत. त्या चित्रांवरून मापं काढून, प्रत्यक्षात चालेल असा आराखडा करणं हे जॅक डॅनियल्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांचं काम. मिनीचं श्रेय देताना ही माणसं हमखास विसरली जातात, म्हणून त्यांचा उल्लेख मुद्दाम करतो.

मिनीच्या आधी इसिगोनिस यांचं नाव झालं ते १९४८ च्या मॉरिस मायनरमुळे. ही गाडी आपल्याकडेही आली. हिंदुस्तान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून बनवली. मायनर जवळजवळ तयार झाल्यावर इसिगोनिस यांना ती अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली आणि प्रमाण डोळ्यांना पटेपर्यंत दोन्ही अर्धुकं बाजूला सरकवली. चार इंच अंतर ठेवून ती जोडली. मायनरच्या बोनेटवर मधोमध जो सपाट उंच पट्टा दिसतो तो तिथून आला. बंपर तर आधीच बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधोमध कापून चार इंचांची पट्टी जोडलेले आहेत. जुनी मायनर दिसली तर आवर्जून बघा. हा माणूस जागेचा विचार कसा करायचा, ते त्या पट्टीत दिसतं.

आता मिनी. १९५७ च्या वसंतात काम सुरू झालं. इसिगोनिस यांनी ठरवलं की गाडीची लांबी दहा फूट आणि त्यातले सहा फूट माणसांचे. उरलेल्या चार फुटांत बाकी सगळं. मिनीतली हुशारी आणि मिनीतल्या खोडी, दोन्ही या एका निर्णयातून आल्या आहेत. मिनीवर जेवढं काम करत जावं तेवढं हे पटत जातं.

तेव्हाच्या साध्या मोटारीची रचना आठवा. पुढे इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत. त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब शाफ्ट आणि शेवटी मागचा एक्सल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीत मागच्या सीटवर मध्ये बसलेल्याच्या पायाखाली जो उंचवटा यायचा, तो याच शाफ्टसाठी. दहा फुटांत ही रचना बसतच नाही. पुढची चाकं फिरवायची म्हटलं की मागचा शाफ्ट जातो, उंचवटा जातो, पण इंजिन आणि गिअरबॉक्स एकामागे एक ठेवले तर नाक लांब होतं. म्हणून इंजिन आडवं टाकलं.

आडवं इंजिन ही इसिगोनिस यांची मूळ कल्पना नव्हे. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूने १९३१ मध्येच पुढच्या चाकांना ताकद देणारी, आडव्या इंजिनाची गाडी काढली होती, स्वीडनच्या साबनेही पुढे तेच केलं. पण ती दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक इंजिनं होती, आखूड. बीएमसीचं ए-सीरिज इंजिन चार सिलिंडरचं. ते आडवं टाकून शेजारी गिअरबॉक्स लावायचा तर १.४१ मीटर रुंदीच्या गाडीत पुढची चाकं वळायला जागा उरत नाही. मग गिअरबॉक्स ठेवायचा कुठे? इसिगोनिस यांनी तो इंजिनाच्या खाली, ऑइल चेंबरमध्येच घातला. इंजिनाचं आणि गिअरचं तेल एकच. मिनीतला खरा नवा विचार हा.

हे कसं चालतं ते क्लच बदलताना नीट कळतं. साध्या गाडीत इंजिन, फ्लायव्हील (इंजिनाची फिरकी एकसारखी ठेवणारं जड चाक), क्लच, गिअरबॉक्स अशी सरळ रांग असते. मिनीत ताकद क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या टोकाला बाहेर जाते, फ्लायव्हील आणि क्लचमधून उलटी फिरून आत येते आणि क्रँकच्याच टोकावर सैल फिरणाऱ्या एका गिअरवर उतरते. तिथून मधल्या एका गिअरमार्फत खाली, चेंबरमधल्या गिअरबॉक्सला. त्यामुळे फ्लायव्हील सगळ्यांत बाहेर, उजव्या मडगार्डच्या बाजूला. बोनेट उघडून, इंजिनाची उजवी बाजू थोडी उचलून, कव्हर काढलं की इंजिन गाडीतून न उतरवता क्लच बदलता येतो. हे सुख फार थोड्या गाड्यांत आहे.

त्यात एक मेख मात्र आहे. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं आणि खास पुलर लावल्याशिवाय हलत नाही. पुलर कसत जायचं, कसत जायचं, आणि ते एकदम मोठा आवाज करून सुटतं. म्हणून मधला बोल्ट पूर्ण काढायचा नाही, दोन-चार आट्यांवर ठेवायचा, नाहीतर जड फ्लायव्हील अंगावर येतं. आणि त्याआधी इंजिन हाताने फिरवून पहिला आणि चौथा पिस्टन वर आणायचा. आत सैल गिअरला जागेवर धरणारा इंग्रजी सी आकाराचा वॉशर असतो. क्रँकची स्थिती चुकीची असेल तर तो घसरून फ्लायव्हीलमागे अडकतो आणि दुपारचं काम दोन दिवसांवर जातं. नवीन पोराला मिनी शिकवताना मी सुरुवात इथून करतो. गाडीची रचना आणि तिचा स्वभाव दोन्ही एकाच कामात कळतात.

एकाच तेलाची किंमतही मोजावी लागते. इंजिनाला पातळपणा हवा, गिअरच्या दात्यांना जाड थर हवा. दाते तेलाचं अक्षरशः पीठ करतात, त्याची घट्टाई लवकर जाते. म्हणून मिनीला २०डब्ल्यू-५० तेलच घालायचं आणि पाच हजार किलोमीटरच्या आत बदलायचं. तेल सोडायच्या बोल्टला चुंबक असतो. त्यावर बारीक राखाडी चिखल आला तर चिंता नाही, चकत्या-तुकडे आले तर गिअरबॉक्स बोलू लागलाय असं समजायचं. आधुनिक पातळ तेल ‘जास्त चांगलं’ म्हणून घालणारे लोक भेटतात, त्यांना मी हात जोडून नको म्हणतो.

चाचणीच्या पहिल्या गाड्यांत इंजिनाचं तोंड उलटं होतं. कार्बोरेटर पुढे, जाळीकडे. मग ते अख्खं १८० अंशांत फिरवलं आणि कार्बोरेटर आत, डॅशबोर्डच्या भिंतीकडे गेला. थंडीत कार्बोरेटर गोठायचा हे त्याचं प्रसिद्ध कारण. दुसरं कारण गिअरबॉक्सचं: मूळ मांडणीत सिंक्रोमेशवर, म्हणजे गिअर न कडाडता बदलू देणाऱ्या यंत्रणेवर, फार ताण येत होता, तो मधला जादा गिअर घातल्यावर कमी झाला. पण इंजिन फिरलं तसा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणारा भाग, आला पुढे, जाळीच्या बरोबर मागे. पावसात पुढच्या गाडीने उडवलेलं पाणी थेट त्याच्या टोपीवर. मिनी भर रस्त्यात फुरफुरून बंद पडायची ती यामुळे. नंतर जाळीमागे आडोसा आला, पण तोवर गाडीमालकांनी आपला उपाय शोधला होता: स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा आणि बोटांची टोकं कापून प्लगच्या वायरी त्यातून बाहेर काढायच्या. आजही एखाद्या जुन्या गाडीचं बोनेट उघडलं की पिवळा मोजा दिसतो.

रेडिएटरची तीच कथा. पुढे जागा नाही, म्हणून तो डाव्या बाजूला, मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लावला. पंखा हवा बाहेर, चाकाच्या पोकळीत ढकलतो. गाडीच्या वेगाचा वारा त्याला मिळत नाही, सगळं काम पंख्यावर. त्यामुळे आवाज जास्त, आणि जाळ्या चाकाच्या बाजूने मातीने बुजतात. रेडिएटर वरून चकचकीत दिसत असला तरी काढून मागची बाजू धुतल्याशिवाय गरम होण्याची तक्रार जात नाही.

पुढच्या चाकांना ताकद द्यायची आणि तीच चाकं वळवायची, हा त्या काळातला सगळ्यांत अवघड भाग. साधा क्रॉस जॉइंट मोठ्या कोनात फिरला की दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. इसिगोनिस यांच्या चमूने आल्फ्रेड झेप्पा यांच्या पेटंटवर आधारलेला जॉइंट घेतला: बाहेरची वाटी, आतला गोळा, दोन्हींत खाचा आणि खाचांत सहा पोलादी गोळ्या. कोन कितीही असो, गोळ्या नेहमी दोन शाफ्टांच्या मधोमधच्या पातळीत राहतात, त्यामुळे वेग सारखा राहतो. आपल्याकडच्या मेकॅनिकच्या तोंडी जो सीव्ही जॉइंट आहे, तोच हा. तो आधी माहीत होता, पण लाखोंच्या संख्येने, सामान्य माणसाच्या स्वस्त गाडीत मिनीनेच आणला. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना कट-कट आवाज आला की जॉइंट गेला, हे निदान मिनीला लागू आहे आणि तुमच्या दारातल्या हॅचबॅकलाही.

सस्पेन्शनकडे मात्र मी सगळ्यांत आदराने बघतो. गाडीचं वजन सुमारे ६०० किलो. चालक एकटा असेल तर एक हिशेब. चार मोठी माणसं आणि सामान भरलं की वजन जवळजवळ दीडपट होतं. मऊ स्प्रिंग घातली तर भरलेली गाडी रस्त्याला टेकते, कडक घातली तर एकट्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. अ‍ॅलेक्स मोल्टन यांच्या घराण्याचा ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन इथे रबराचा पिढीजात धंदा. त्यांनी पोलादी स्प्रिंगच काढून टाकली आणि रबराचा शंकू दिला. रबर जितकं दाबावं तितकं जास्त कडक होत जातं, म्हणजे भार वाढेल तशी स्प्रिंग आपोआप कडक. जागाही मूठभर लागते. चाकाचा दांडा तरफेसारखा धरलेला, म्हणून चाक बरंच वर-खाली झालं तरी रबर थोडंच दाबलं जातं. त्यात चाकं अवघी दहा इंची. डनलॉपने त्यासाठी मुद्दाम टायर बनवले. लहान चाकांमुळे मडगार्डची पोकळी लहान झाली आणि आतली जागा वाढली. चारही चाकं अगदी कोपऱ्यांत गेली. मिनी वळणाला चिकटून जाते म्हणतात, ते या मांडणीमुळे. ती स्पर्धेसाठी केलेली मांडणी नव्हती, चार माणसं बसावीत म्हणून केलेली होती.

हे रबर वर्षानुवर्षांनी दबून बसतं. खाली झुकलेली मिनी ऐटदार दिसते म्हणून लोक तिचे फोटो काढतात. नव्वद टक्के वेळा तिचे शंकू थकलेले असतात.

बॉडीबद्दल एवढंच सांगतो की पत्र्यांच्या वेल्डिंगच्या कडा बाहेर ठेवल्या. पुढचं मडगार्ड आणि दार यांच्या मधून खाली उतरणारी आणि मागच्या खिडकीपासून खाली येणारी उभी कड आहे ना, ती शोभेची नाही. बाहेरून वेल्डिंग सोपं, आतली रुंदी वाचते. दारांचे बिजागर बाहेर. खिडक्या सरकत्या, म्हणजे काच खाली नेणारी यंत्रणा दारात नाही, म्हणून दार एका पत्र्याचं आणि त्यात कोपरापर्यंत हात जाईल एवढा खण. दार उघडायला आतून दोरी. डिकीचं झाकण खाली उघडून सामान त्यावर ठेवून चालवता यावं, म्हणून नंबर प्लेट बिजागरीवर लोंबती ठेवली. सुरुवातीच्या गाड्यांत तळाच्या पत्र्याचा जोड पुढच्या बाजूला तोंड करून होता. चाकांनी उडवलेलं पाणी त्यातून आत शिरायचं आणि गालिचे भिजायचे. चाचण्या कोरड्या हवेत झाल्यामुळे ते वेळेत लक्षात आलं नव्हतं. पुढे जोड बदलला, सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, फोम भरला.

जुलै १९५८ मध्ये लॉर्ड यांनी नमुन्याची गाडी लाँगब्रिजच्या कारखान्यात एक छोटी चक्कर मारून बघितली आणि वर्षभरात उत्पादन सुरू करा म्हणाले. नमुन्यात ९४८ सीसीचं इंजिन होतं आणि गाडी ताशी ९० मैलांच्या पुढे जात होती. एवढ्या लहान गाडीत सामान्य माणसाच्या हाती एवढा वेग नको, म्हणून ते ८४८ सीसीवर आणलं. ३४ अश्वशक्ती, ताशी ७२ मैल. २६ ऑगस्ट १९५९ ला गाडी जाहीर झाली, ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर अशा दोन नावांनी, किंमत ५०० पौंडांच्या किंचित आत. फोर्डच्या लोकांनी एक मिनी विकत घेऊन सुटी-सुटी केली, एकेका भागाची किंमत काढली आणि बीएमसी प्रत्येक गाडीमागे सुमारे ३० पौंड गमावतेय असा अंदाज बांधला. बीएमसीने तो कधी मान्य केला नाही. पण इतकं नवीन तंत्र इतक्या कमी किमतीत विकणं धंद्याच्या दृष्टीने बरोबर नव्हतं, असंच माझंही मत आहे. ब्रिटिश मोटार उद्योगाच्या पुढच्या पडझडीची अनेक कारणं आहेत, त्यातलं एक इथे आहे.

रॅलीची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. रेसिंग गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी आग्रह धरला, १९६१ मध्ये पुढे डिस्क ब्रेक असलेली मिनी कूपर आली. मोंटे कार्लो रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीने जिंकली; १९६६ मध्ये पहिल्या तिन्ही मिन्या हेडलाइटच्या नियमावरून बाद ठरवल्या गेल्या. इसिगोनिस यांना या प्रकारात सुरुवातीला रस नव्हता. त्यांच्या मनात कामगाराच्या कुटुंबाची गाडी होती. ती आधी उचलली लंडनच्या श्रीमंत, फॅशनवाल्या मंडळींनी. ऑक्टोबर २००० मध्ये लाँगब्रिजहून शेवटची मिनी बाहेर पडली तोवर सुमारे ५३ लाख गाड्या झाल्या होत्या. मूळ मांडणी शेवटपर्यंत तीच.

आता मारुतीकडे. फियाटचे मुख्य अभियंता दान्ते जियाकोसा यांनाही आडवं इंजिन हवं होतं, पण गिअरबॉक्स चेंबरमध्ये घालणं त्यांना पसंत नव्हतं. एकच तेल, जादा गिअर, त्यांचा आवाज, दुरुस्तीची कटकट, हे सगळं टाळायचं होतं. त्यांनी क्लचची यंत्रणा आटोपशीर केली आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, एका रेषेत लावला. डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग, त्यामुळे एका बाजूला गेलं आणि दोन चाकांचे शाफ्ट लहान-मोठे झाले, पण काम झालं. फियाटने हा प्रयोग आधी आपल्या नावाने केलाच नाही. १९६४ मध्ये ऑटोबियांकी या जोडकंपनीच्या प्रिमुलात केला. त्या प्रिमुलात इंजिन होतं फियाट ११०० डी चं, म्हणजे ज्या गाडीवरून आपली प्रीमियर पद्मिनी आली तिचं. कुर्ल्याच्या कारखान्यात त्याच घराण्याचं इंजिन पुढची कित्येक दशकं उभंच बसवलं गेलं. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये जियाकोसांची मांडणी पक्की झाली, १९७४ मध्ये फोक्सवॅगन गोल्फनेही तीच घेतली आणि नंतर जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांनी.

डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून मारुती ८०० निघाली ती सुझुकीची गाडी. आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, लहान चाकं, सपाट तळ: हे सगळं मिनीच्या वाटेवरचं. पण गिअरबॉक्स टोकाला, तेल वेगळं: हे जियाकोसांचं. तिची रुंदी मिनीएवढीच, साधारण १.४ मीटर. मग मिनीत जे मावलं नाही ते मारुतीत मावलं कसं? कारण मारुतीचं ७९६ सीसी इंजिन तीन सिलिंडरचं आहे. एक सिलिंडर कमी झाला तेवढ्या जागेत गिअरबॉक्स शेजारी येऊन बसला. इसिगोनिस यांना लॉर्ड यांच्या अटीमुळे चार सिलिंडरचं तयार इंजिनच घ्यावं लागलं. ती अट नसती तर मिनीचा गिअरबॉक्स कदाचित चेंबरमध्ये गेलाच नसता.

शेवटी मुलाच्या खरेदीचं. सत्तरच्या दशकातल्या मिनीत खिडक्या हँडलने खाली होतात, बिजागर आत गेलेत, इंजिन बहुधा ८४८ किंवा ९९८ सीसी. इंजिनाची फार चिंता करू नये. ते सुटे भागांसह मिळतं आणि दुरुस्तही होतं. पैसे खातो तो पत्रा. मागची सबफ्रेम, जिला मागचं सस्पेन्शन जोडलेलं असतं, ती आतून कुजते. गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावी, वरचा काळा रंग फसवतो. दोन्ही सिल बघावेत. मूळ सिल अरुंद असतो. त्यावर रुंद पत्रा ठोकून गंज झाकलेला असेल तर आतला पत्रा गेलेला समजावा. डिकीत बॅटरीच्या खालचा खड्डा, पुढच्या काचेखालची पट्टी आणि दारापुढच्या उभ्या कडा या जागा सोडू नयेत. नुकताच रंग दिलेली, स्वस्तात सांगितलेली गाडी मी तरी आधी संशयानेच बघतो.

चालवताना दुसरा गिअर कडाडतो का ते पाहावं, त्याचं सिंक्रोमेश सगळ्यांत आधी जातं. गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवून ऐकावं: खडखड येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल तर ते वरून खाली उतरणाऱ्या गिअरचं आहे. थोडी खडखड चालते, ठोके असतील तर खर्च आहे. १९७३ नंतरच्या गाड्यांत गिअरच्या दांड्याच्या सीलमधून तेल ठिबकतं, त्याला घाबरू नये. कूपर म्हणून विकत असतील तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणारं मूळ नोंदीचं प्रमाणपत्र मागावं, कारण साध्या मिनीला कूपरचे बिल्ले लावणं फार सोपं आहे. बॉडी अगदीच गेली असेल तर विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनी नवा सांगाडा बनवून देते, पण त्या रकमेत चांगली चालती गाडी येते.

आणि ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही, त्यामुळे विकणारा ‘गरजच नाही’ म्हणेल. मुलाला सांगा, पैसे देण्याआधी स्वतःच्या खर्चाने ती तपासणी करून घे, आणि गाडी रॅम्पवर असताना तिच्याखाली उभा राहून सबफ्रेमचे सगळे बोल्ट डोळ्यांनी बघ.